फुटाळा ‘पाणथळ’ नाही, म्हणजे काय? नवेगावबांधच्या तळ्याकडून समजून घेऊ

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या आपल्या फुटाळा तलावाबद्दल निकाल दिला. हा तलाव माणसाने सिंचनासाठी बांधलेला आहे, त्यामुळे पाणथळ जागांबद्दलच्या २०१७ च्या नियमांनुसार तो ‘पाणथळ’ ठरत नाही, असं त्यात म्हटलं आहे. त्यावरून नागपुरात दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे, आता तळ्यात काहीही बांधायला मोकळीक मिळाली. दुसरं म्हणजे, बारा महिने पाण्याने भरलेलं तळं पाणथळ नाही, तर मग पाणथळ म्हणायचं तरी कशाला?

पहिलं मत चुकीचं आहे. दुसऱ्यातला प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर फुटाळ्याच्या चौपाटीवर उभं राहून मिळत नाही, कारण तिथे तळ्याचा पाण्याचा भाग तेवढा दिसतो आणि बाकीचं शहराखाली गेलं आहे. त्यासाठी नागपूरहून पूर्वेला तीन तासांवर, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला जावं लागेल. तिथे बांधलेलं तळं अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, आणि तळं कुणी बांधलं, कुणी सांभाळलं, मग ते कुणाच्या हाती गेलं, ही सगळी साखळी एकाच गावात दिसते.

सुट्टीचं गाव होण्याआधी

नागपूरकरांना नवेगावबांध माहीत आहे ते शनिवार-रविवारचं गाव म्हणून. भंडारा, लाखनी, साकोली करत महामार्गाने कोहमारा गाठायचं आणि तिथून दक्षिणेला वळायचं. विश्रामगृह किंवा रिसॉर्टमध्ये खोली घ्यायची, नौकाविहार करायचा, थंडीत पक्षी बघायचे. भोवतीचं जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. जंगल, डोंगर आणि मध्ये दहा-अकरा चौरस किलोमीटरचं पाणी. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे निसर्गानेच केलेलं असणार.

पण हे तळं बांधलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं. तळ्याभोवतीच्या सात डोंगरांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि बांधकामाला या देवींनी हात दिला अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलांना गावाने पुढे देवपण दिलं. कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं तळ्याजवळ आजही पुजलं जातं. धरण बांधणाऱ्या माणसाला देव मानणारी गावं फार नसतील. मला ही श्रद्धा मोलाची वाटते, कारण हे पाणी आपोआप साचलेलं नाही, कुणीतरी आपल्यासाठी अडवलं आहे, याची आठवण तिने जिवंत ठेवली.

कोहळी हा पूर्व विदर्भातला तळी बांधणारा समाज. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने काशीयात्रेवरून येताना कोहळ्यांच्या पूर्वजांना सोबत आणलं, अशी त्यांच्यातली परंपरागत समजूत आहे. गोंड राजवटीचं धोरण तर त्याहून बोलकं आहे. जंगल तोडून गाव वसवणाऱ्याला गावाचा हक्क, आणि तळं बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखालची जमीन. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातला तुकूम भाग आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. खजिन्यातून एक पै खर्च न करता राजाने हजारो तळी बांधून घेतली, कारण तळं बांधणाऱ्याचा फायदा तळ्याशीच जोडून ठेवला होता.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून अशी सहा हजारांहून जास्त तळी आहेत. भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात ते यामुळेच, आणि १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत नवेगावबांधही त्याच जिल्ह्यात होतं.

तळ्याचे अवयव

घराच्या छतावरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. तिला पाणी आणणारा एक नळ असतो, घरात पाणी सोडणारा दुसरा असतो आणि जास्तीचं पाणी बाहेर काढणारा तिसरा पाइप वरच्या कडेला असतो. यातला कुठलाही बंद केला तर टाकी दिसायला तीच राहील, पण एक तर कोरडी पडेल, नाही तर वाया जाईल, नाही तर छतावरून वाहू लागेल.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, तळ्याचं काम असंच चालतं. जिथून पावसाचं पाणी वाहत येतं तो डोंगरउतार आणि जंगल म्हणजे पाणलोट. पाणी अडवते ती मातीची पाळ. शेताला पाणी सोडायचं दार म्हणजे तुडुम. यात वरपासून खालपर्यंत भोकं असतात आणि ती लाकडी बुचांनी बंद केलेली असतात. पाणी जसजसं उतरतं तसतसं खालचं बूच काढायचं, म्हणजे दाब बेताचा राहतो आणि पाळीला धोका होत नाही. तुडुमातून निघालेलं पाणी नहरांनी बांध्यांत, म्हणजे धानाच्या छोट्या छोट्या वाफ्यांत जातं. आणि सलांग म्हणजे जास्तीचं पाणी सुखरूप बाहेर जाण्यासाठी पाळीच्या एका टोकाला, माथ्यापेक्षा खाली ठेवलेली वाट.

सलांग हा भाग सगळ्यात कमी दिमाखाचा आणि सगळ्यात महत्त्वाचा. मातीच्या पाळीला पाण्याचा दाब सोसतो, पण माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. ते एकदा वरून वाहू लागलं की काही तासांत पाळ कापून काढतं. म्हणून जुने लोक सलांगीच्या वाटेत काहीही उभं राहू देत नसत. सलांगीतून निघालेलं पाणी वाया जातं असंही नाही. ते खालच्या तळ्यात किंवा बोडीत जातं, तिथून त्याच्याही खालच्या बोडीत. बोडी म्हणजे लहान तळं, बहुधा एखाद्या शेताचं किंवा कुटुंबाचं. एका नाल्यावर अशी पाच-सहा तळी एकामागे एक असली, तर वरच्यातून ओसंडलेलं पाणी ही खालच्याची आवक असते.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायची खरं तर गरज नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून सीताबर्डीच्या मोर भवन बसस्थानकापर्यंत पाणी भरलं. माणसं गेली. तेव्हा चर्चा पावसाची झाली, पण मुद्दा तळ्याच्या सांडव्यापुढच्या वाटेचा होता. सांडव्याबाहेर पडणाऱ्या पाण्याला नाग नदीत जायला जेवढी रुंदी लागते, तेवढी आपण ठेवली आहे का? तळ्याची हद्द पाण्याच्या काठाशी संपते असं समजलं की हा प्रश्न कुणाला पडतच नाही.

पाणी उतरायलाच हवं

उन्हाळ्यात नवेगावबांधला गेलेले अनेक जण निराश होऊन येतात. पाणी आत गेलेलं असतं, मधल्या जागेत चिखल, गवत, भेगाळलेली माती. तळं मरायला लागलं, असं वाटतं.

इथे धानाचं वेळापत्रक समजून घ्यायला हवं. जून-जुलैत पऱ्हे टाकतात, म्हणजे रोपं तयार करतात. मग रोवणी. या भागात पाऊस चांगला पडतो, पण तो सलग पडत नाही. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला की बांध्या सुकतात. त्याहून नाजूक काळ सप्टेंबरअखेरचा. भारी धान, म्हणजे उशिरा येणारं वाण, तेव्हा लोंबीवर येत असतं आणि हस्ताचा पाऊस दगा देतो. त्या एक-दोन पाण्यांसाठी हे सगळं तळं असतं. त्या दिवसांत तुडुम उघडलं तर कोठी भरते, नाही उघडलं तर वर्षाची मेहनत वाळते.

पुढे हिवाळा-उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर गाळपेर होते. तिथे लाखोळी, हरभरा किंवा गहू निव्वळ ओलाव्यावर येतो. त्याच उथळ चिखलात पाणपक्ष्यांचं खाणं असतं. हिवाळ्यात येणारी पट्टेरी राजहंसांचे थवेच्या थवे, बदकं, चिखलात चरणारे पक्षी या सगळ्यांना खोल निळं पाणी नको असतं, त्यांना हा उतरता काठ हवा असतो. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरले आहेत ते प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात. त्यांनाही तळ्याचा उथळ काठ आणि त्याला लागून असलेली धानाची बांधी अशी जोडी लागते.

म्हणजे वर्षभर एकाच पातळीवर राहणारं, चारही बाजूंनी दगडी काठ बांधलेलं पाणी फोटोत सुंदर दिसेल, पण त्यात शेतकऱ्याला, ढिवराला आणि पक्ष्याला जागा उरत नाही. ढिवर म्हणजे इथला मासेमार समाज. मासे अंडी घालतात ती काठच्या पाणवनस्पतींत, आणि काठ सिमेंटचा झाला की तेही संपतं.

मालक कोण?

गोंडांच्या आणि भोसल्यांच्या काळात गावचा पाटील तळं सांभाळत असे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले आणि नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्यानंतरच्या जमीन-बंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्यांना इंग्रजांनी गावाची मालकीच देऊन टाकली. हेच मालगुजार. गावासोबत गावातली तळीही त्यांच्या नावावर चढली.

मालगुजारीत जुलूम होता, वेठबिगार होती, त्याचं कौतुक करण्याचं कारण नाही. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेत घट्ट होती. तळं फुटलं तर सगळ्यात मोठं नुकसान मालगुजाराचं होई. त्यामुळे पावसाआधी पाळ बघितली जाई, घुशींची बिळं बुजवली जात, गाळ काढून शेतात टाकला जाई. गावात पाणकर असे. कुणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी, हे तो बघे. निस्ताराचे हक्क, म्हणजे गुरांना पाणी, जळण, मासे, सिंचन यांतले गावकऱ्यांचे हक्क, ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तऐवजात नोंदवलेले असत.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून ही तळी सरकारची झाली. सरकारी कागदांत तेव्हापासून त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलीत मामा तलाव. मालगुजारी जाणं न्याय्यच होतं. चूक झाली ती पुढे. मालकी हलली, पण पाळीवर रोज चक्कर मारणारा माणूस कोण, हे कुणी ठरवलं नाही. पाणी जलसंपदेकडे किंवा जिल्हा परिषदेकडे, मासे सहकारी संस्थेकडे, काठची जमीन महसूल खात्याकडे, पाणलोटाचं जंगल वन खात्याकडे, आणि आता काठावरचं सौंदर्यीकरण पर्यटनाच्या निधीतून. एकाच तळ्याचे अवयव पाच दप्तरांत वाटले गेले. पाळीवर बेशरम नावाची झुडपं माजली, तुडुमं मोडली, नहरा बुजल्या, आणि हे सगळं आपलं काम आहे असं कुणालाच वाटलं नाही.

माझ्या मते पूर्व विदर्भाच्या तळ्यांचं खरं दुखणं हे आहे. पाऊस कमी झाला नाही, तळ्याकडे पूर्ण तळं म्हणून बघणारा माणूस गेला.

न्यायालय नेमकं काय म्हणालं

आता फुटाळ्याकडे परत येऊ. १९७१ च्या रामसर करारात पाणथळ या संज्ञेचा अर्थ फार मोठा आहे. दलदल, सरोवर, खाडी, नैसर्गिक असो की बांधलेलं, सगळं त्यात येतं. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र काही गोष्टी बाहेर ठेवल्या. नद्यांची पात्रं, भातखाचरं, आणि पिण्याचं पाणी, सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांच्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी. फुटाळा भोसले काळात सिंचनासाठी बांधला गेला, म्हणून तो या यादीत बसला. तिथल्या कारंज्यांना आणि प्रेक्षक गॅलरीसारख्या कामांना विरोध करणारी याचिका या मुद्द्यावर टिकली नाही.

याच निकालात न्यायालयाने दुसरीही गोष्ट सांगितली, ती बातम्यांत मागे पडली. तळं माणसाने बांधलेलं असलं तरी सार्वजनिक विश्वस्ताचं तत्त्व त्याला लागू होतं. या तत्त्वाचा अर्थ असा की नदी, तळं, किनारा यांसारख्या गोष्टींचं सरकार मालक नसून विश्वस्त असतं. लोकांच्या वतीने सांभाळायला दिलेली वस्तू त्याला मनाला येईल तशी वापरता किंवा कुणाला देऊन टाकता येत नाही. आपल्या देशात हे तत्त्व ठामपणे मांडलं गेलं ते डिसेंबर १९९६ मध्ये, हिमाचलात बियास नदीच्या काठी उभ्या राहिलेल्या एका मोटेलच्या खटल्यात. म्हणजे पाण्याकाठच्या पर्यटनाच्या वादातूनच. फुटाळ्याच्या निकालाने ते बांधलेल्या तळ्यांपर्यंत स्पष्टपणे आणून सोडलं.

त्यामुळे ‘आता काहीही बांधा’ असा त्या निकालाचा अर्थ काढणं साफ चूक आहे.

“पण पाणथळ नाही म्हटल्यावर तळी उघड्यावरच पडली ना?”

काही प्रमाणात हो, आणि ही काळजी योग्य आहे. नियमांतली ही वगळणूक आपल्या भागासाठी फार महागाची आहे. राजस्थानात किंवा ईशान्येत नैसर्गिक सरोवरं आणि दलदली आहेत. पूर्व विदर्भात जवळजवळ सगळं पाणी सिंचनासाठी बांधलेलं आहे, आणि उरलेली ओली जमीन म्हणजे धानाच्या बांध्या, त्याही नियमांत वगळलेल्या. सारस जिथे जगतो ती जागाच यादीबाहेर राहते.

बांधलेल्या पाण्याला निसर्गमूल्य नसतं असं मात्र नियमकर्त्यांनाही म्हणता येणार नाही. महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर. त्याला तो दर्जा मिळाल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं, आणि ते पाणी गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्यामुळेच साचलेलं आहे. सरकारने मनावर घेतलं तर बांधलेल्या जागेलाही मान मिळतो, हे यातून दिसतं.

शिवाय इतर दोर आहेत. नवेगावबांधच्या परिसराला वन्यजीव संरक्षण कायद्याचं बळ आहे. गावतळी ही समाजाची संपत्ती आहे, ती खासगी बांधकामाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं. २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. हे आदेश पाणथळ नियमांवर अवलंबून नाहीत. तळं पाणथळ असो वा नसो, ते गावाचं आहे एवढं सिद्ध झालं की पुरे.

“पर्यटन आलं तर बिघडलं कुठे? गावाला रोजगार मिळतो”

पर्यटन यायलाच हवं. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या तरुणाला नाव वल्हवून, पक्षी दाखवून, जेवणाची खानावळ चालवून गावात राहता येत असेल, तर त्याहून चांगलं काय? एकट्या धानावर आता घर चालत नाही.

प्रश्न बांधकाम कुठे होतं याचा आहे. तळ्याला एक पूर्ण भरल्याची पातळी असते. सलांगीच्या उंबऱ्याइतकं पाणी आलं की ते जिथपर्यंत पसरतं, ती रेषा. तिच्या आतली जमीन आठ महिने कोरडी असली तरी ती तळ्याचीच आहे. मोठ्या पावसात सलांग वाहत असताना पाणी त्या रेषेच्याही वर थोडं चढतं, तेवढी जागा आणखी सोडावी लागते. रिसॉर्टवाला मार्चमध्ये जागा बघायला येतो, त्याला पाण्याजवळची सपाट जमीन दिसते, आणि तिथेच खोल्या बांधाव्याशा वाटतात. एकदा त्या झाल्या की पुढच्या पावसात पाणी ‘आत शिरलं’ अशी तक्रार सुरू होते. मग सलांगीचा उंबरा खाली घ्या, नाही तर तळं आधीच थोडं रिकामं करा, असा दबाव येतो. पाणी कमी साठतं आणि त्याची किंमत सप्टेंबरअखेर शेपटाकडचा शेतकरी मोजतो, म्हणजे ज्याची बांधी नहराच्या शेवटाला आहे तो.

उलट टोकही आहे. नौकाविहारासाठी पाणी राखा, तुडुम उघडू नका, असाही आग्रह धरला जातो. सिंचनासाठी बांधलेल्या तळ्यावर पहिला हक्क धानाचा. तो भागवून नाव चालत असेल तर आनंदच आहे.

रेषेबाहेर खोल्या, पाळीवर आणि सलांगीवर काहीही नाही, सांडपाणी तळ्यात नाही, आणि मासेमार संस्थेचं जाळं जिथे पडतं तिथे मोटरबोट नाही. एवढं पाळून चालणारं पर्यटन तळ्याला पेलतं.

“गाळ काढला की सगळं ठीक होईल”

हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, आणि गाळ काढून शेतात टाकणं ही आपल्या पूर्वजांचीही रीत होती. पण यंत्र आणि माणूस यांच्या गाळ काढण्यात फरक आहे. तळाशी बसलेला बारीक चिकण थर पाणी धरून ठेवतो. त्याखाली मुरूम लागतो. पोकलेनने खोल खणून तो थर फोडला तर तळं खोल होतं, पण पाणी झिरपून जातं. पाळीच्या पायथ्याशी खड्डा केला तर पाळच खचू शकते. आणि सगळीकडे उभा काठ कापला तर तो उतार जातो, ज्यावर गाळपेर, माशांची अंडी आणि पक्षी अवलंबून होते.

भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर बायाबापड्यांनी आणि मत्स्य संस्थांनी दुसरी वाट धरली आहे. आधी बेशरम मुळासकट उपटायची. मग काठचा उथळ भाग नांगरून तिथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. बाहेरून आणलेल्या रोहू-कटल्याच्या बीजाबरोबर मरळसारखे गावठी मासेही जपायचे. हे काम मंद आहे, त्याचं उद्घाटन करता येत नाही, आणि माझा विश्वास या कामावर जास्त आहे.

“मोठी धरणं आहेत, बोअर आहेत. जुनी तळी कशाला?”

मोठ्या धरणांचं महत्त्व आहेच. नवेगावबांधजवळच इटियाडोह आहे. नागपूरची तहान पेंचवर भागते. पण २०१९ च्या जुलैत पेंचचे साठे तळाला गेले आणि शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. एकाच मोठ्या साठ्यावर सगळा भार टाकला की एक कोरडं वर्ष लाखोंना गाठतं. शेकडो लहान तळी विखुरलेली असली तर एखादं कमी भरतं, शेजारचं भरतं, आणि प्रत्येकाखालच्या विहिरींना पाणी मिळत राहतं. बोअरमध्ये येणारं पाणीही कुठूनतरी मुरलेलं असतं, आणि पाळीखालच्या विहिरी उन्हाळ्यात सगळ्यात शेवटी आटतात, हे कुठल्याही धानपट्ट्यातला शेतकरी सांगेल.

इंग्रजांनाही हे उशिरा का होईना उमगलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत उद्ध्वस्त केला, तेव्हा १९०१ च्या सिंचन आयोगानंतर त्यांनी याच भागात सरकारी तलाव बांधायला घेतले. रामटेकचं खिंडसी १९१३ चं, ते त्यातलंच. तिथेही आज आपण नौकाविहाराला जातो.

तुमच्या ओळखीच्या तळ्याबद्दल कुठे विचारायचं

साधारण शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारं तळं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतं, त्याहून मोठं राज्य सरकारच्या जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. त्या कार्यालयाकडे तळ्याची पूर्ण भरल्याची पातळी, पाळीची लांबी आणि सलांगीची जागा यांची नोंद असायला हवी. माहितीच्या अधिकारात ती मागता येते. तलाठ्याकडे गावनकाशा आणि निस्तारपत्रक मिळतं. नकाशावरची तळ्याची हद्द आणि प्रत्यक्षातलं कुंपण ताडून बघायला एक दुपार पुरते. नहराचे गट नंबरही बघून घ्या, कारण अतिक्रमण बहुतेकदा तिथून सुरू होतं. फरक आढळला तर अर्ज ग्रामसभेत द्या आणि ठरावाची प्रत तहसीलदाराला पाठवा. शहरातल्या तळ्यासाठी हाच अर्ज महापालिकेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि त्यात आता फुटाळ्याच्या निकालातला सार्वजनिक विश्वस्ताचा भाग नाव घेऊन लिहिता येतो.